मोशेचे नियमशास्त्र : मद्रासमध्ये आणि कोकणात

यहुदी धर्मात नियमशास्त्राला जे स्थान आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय या समाजाचा इतिहास उमगत नाही. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही मोशेची पाच पुस्तके म्हणजे 'तोरा'. या पुस्तकांतील आज्ञांची संख्या परंपरेने ६१३ मानली आहे. त्यांपैकी कितीतरी आज्ञा यरुशलेमचे मंदिर, तेथील याजक आणि त्या भूमीतील शेती यांच्याशी निगडित होत्या. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या आज्ञा आचरण्याचे साधनच नाहीसे झाले. ज्या उरल्या, त्या माणसाबरोबर कोठेही जाऊ शकतील अशा होत्या. काय खावे, सातव्या दिवशी विश्रांती कशी घ्यावी, मुलाची सुंता कधी करावी, कोणाशी विवाह करावा आणि मृताचा अंत्यविधी कसा करावा, यांसंबंधीच्या या आज्ञा होत. परदेशात राहणाऱ्या यहुद्यांची खरी कसोटी याच आज्ञांच्या बाबतीत लागली. कारण शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर वेगळे, पंचांग वेगळे आणि विवाहाच्या चालीही वेगळ्या असत.

ही कसोटी भारतात कशी लागली, याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. एक मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे आहे आणि दुसरे कोकणचे. या दोहोंना जोडणारा एक धागाही उपलब्ध आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर काम करणाऱ्या सार्टोरियस नावाच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने १७३८ साली पाठविलेल्या वृत्तात पश्चिम किनाऱ्यावरील एका समाजाचा उल्लेख केला. हे लोक स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची संतती म्हणवितात, त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नाही आणि 'शमा' या एका प्रार्थनेखेरीज त्यांना हिब्रू येत नाही, असे त्याच्या कानावर आले होते. युरोपीय लेखनात या समाजाचा आढळणारा हा आरंभीचा उल्लेख होय. विशेष असे, की त्याच काळात मद्रास शहरात विद्या, संपत्ती आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी लाभलेले यहुदी व्यापारी राहत होते.

मद्रासचे हे व्यापारी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्यांतील बहुतेकांची कुळे मूळची पोर्तुगाल व स्पेन येथील होती. धर्मन्यायालयाच्या छळापायी त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांनी वरकरणी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि पुढे अॅम्स्टरडॅम, लंडन, लिव्होर्नो अशा शहरांत पोहोचल्यावर ते पुन्हा उघडपणे यहुदी झाले होते. त्यांना मद्रासकडे ओढून आणले ते गोवळकोंड्याच्या हिऱ्यांनी. भूमध्य समुद्रातील पोवळे आणि चांदी घेऊन यावयाचे आणि त्यांच्या मोबदल्यात कच्चे हिरे पाठवावयाचे, असा हा व्यापार होता. जॉर्ज टाउनमधील 'कोरल मर्चंट स्ट्रीट' या रस्त्याच्या नावात त्या पोवळ्यांची आठवण शिल्लक आहे. १६८८ मध्ये मद्रासची नगरपालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या बारा आल्डरमनांत यहुदी व्यापाऱ्यांनाही स्थान देण्यात आले. युरोपातील बहुतेक शहरांत यहुद्यांना नागरी अधिकारांपासून दूर ठेवले जात असताना ही गोष्ट असामान्य होती.

असे असूनही ही वसाहत टिकली नाही. तिचे स्वरूप पाहिले म्हणजे याचे कारण ध्यानात येते. येणारा पुरुष बहुधा एखाद्या मोठ्या पेढीचा प्रतिनिधी असे. काही वर्षे व्यापार करावा आणि पैसा गाठीस बांधून परत जावे, असा त्याचा बेत असे. सार्वजनिक प्रार्थनेसाठी यहुदी धर्मानुसार दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. धर्माला अनुकूल असे मांस हवे असेल, तर विधिपूर्वक पशू मारणारा जाणकार लागतो. मुलांच्या विवाहासाठी यहुदी घरे लागतात. मोजक्या कुटुंबांच्या वसाहतीत यांतील प्रत्येक गोष्टीची वानवा भासणे अपरिहार्य होते. गोवळकोंड्याच्या खाणींची माहिती असणारा जाक द पाइव्हा हा व्यापारी १६८७ मध्ये मरण पावला आणि त्यानंतर त्याची विधवा हिएरोनिमा ही गव्हर्नर एलिहू येल याच्या आश्रयाला राहिली. येलपासून तिला एक मुलगाही झाला. नियमशास्त्रात विधवेसाठी दिराशी विवाहाची तरतूद आहे. पण जेथे दीर नाही, भाऊबंद नाहीत आणि न्यायनिवाडा करणारी पंचायतही नाही, तेथे ती तरतूद कागदावरच राहते.

पुढे व्यापाराचाच पाया खचला. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिऱ्यांचे साठे सापडले आणि भारतीय हिऱ्यांची मक्तेदारी संपली. १७४६ मध्ये मद्रास फ्रेंचांनी जिंकले, ते १७४९ मध्ये इंग्रजांना परत मिळाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील यहुदी घरे विरळ होत गेली. मिंट स्ट्रीट भागातील त्यांची दफनभूमी पुढे शहराच्या वाढीत गडप झाली. तेथील काही समाधिशिला हलविण्यात आल्या आणि त्या आज लॉइड्स रोडवरील एका लहानशा आवारात पाहावयास मिळतात. १७६३ मध्ये मरण पावलेल्या सॉलोमन फ्रँकोसारख्या व्यापाऱ्यांची नावे या वसाहतीशी निगडित आहेत. दगडावर हिब्रू अक्षरे राहिली. ती वाचणारे वंशज मात्र त्या शहरात राहिले नाहीत.

आता कोकणाकडे वळू. अलिबागजवळील नवगाव येथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. बुडालेल्यांना जेथे पुरले, ती जागाही तेथे दाखविली जाते. ही घटना केव्हा घडली, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेकडील आणि भारतीय असा दुहेरी वारसा आढळला. एवढे मात्र निश्चित, की कित्येक शतके हा समाज ग्रंथाविना, याजकाविना आणि सभास्थानाविना राहिला. तरीही त्याच्याकडे पाच-सहा गोष्टी अभंग राहिल्या. आठव्या दिवशी मुलाची सुंता होत असे. शनिवारी काम बंद असे. काही सण व उपवास पाळले जात. निषिद्ध मासे खाल्ले जात नसत. आणि जन्म, विवाह व मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारी 'शमा' म्हटली जात असे.

या समाजाचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शुक्रवारी सूर्यास्त झाला, की घाणा थांबे आणि तो शनिवारी सूर्यास्तापर्यंत थांबलेला राही. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथाची आज्ञा केवळ मालकापुरती नाही. घरातील चाकरालाही आणि बैलालाही त्या दिवशी विश्रांती द्यावी, असे निर्गमाच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. घाण्याला जुंपलेल्या बैलावर ज्यांचे पोट अवलंबून होते, त्यांच्या बाबतीत या आज्ञेचा अर्थ शब्दशः लागू होत असे. आठवड्यातून एक दिवस मिळकत सोडून देणे ही गरीब घराला परवडणारी गोष्ट नव्हती. तरी ती पिढ्यान्पिढ्या सोडली गेली.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्याचे कोकणातील गावाला नवल वाटले नाही. शिवभक्त असलेले दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत आणि म्हणून त्यांना 'सोमवार तेली' म्हणत. एखादी जात अमुक पदार्थ खात नाही, दुसरी अमुक दिवशी नांगर धरीत नाही, तिसरी आपल्याबाहेर सोयरीक करीत नाही, हे गावाच्या नित्याच्या अनुभवातील होते. त्यामुळे बेने इस्राएलांचे वेगळेपण गावगाड्यात सहज सामावले गेले. ज्या समाजव्यवस्थेने माणसामाणसांत इतक्या भिंती उभारल्या, तिच्याच एका भिंतीच्या आडोशाने मोशेच्या आज्ञा सुरक्षित राहिल्या. युरोपातील यहुद्यांना धर्म पाळण्यासाठी जो छळ सोसावा लागला, तसा काही प्रकार कोकणात घडला नाही.

माशांचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्यांना पर आणि खवले आहेत, तेच जलचर खावेत, असा लेवीय पुस्तकाचा दंडक आहे. कोकणच्या बाजारात हा नियम लावावयाचा झाल्यास रावस आणि पापलेट चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि मुशी चालत नाहीत. समाजाच्या परंपरेत दावीद रहाबी नावाच्या पुरुषाची कथा आहे. तो बाहेरून आला आणि हे लोक खरोखर आपल्यापैकीच आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने घरच्या स्त्रियांपुढे सर्व प्रकारचे मासे ठेवले. स्त्रियांनी खवले नसलेले मासे बाजूस सारले आणि त्याची खात्री पटली. पुढे त्याने काही जणांना हिब्रू व धर्मविधी शिकविले आणि त्यांच्या घराण्यांकडे समाजाचे काजीपद आले. रहाबीचा काळ कोणी फार मागे नेतात, तर कोणी त्याला अठराव्या शतकातील कोचीनचा व्यापारी मानतात. काळ कोणताही असो, कथेचा आशय महत्त्वाचा आहे. नियमशास्त्राची परीक्षा येथे पंडिताच्या तोंडून झाली नाही. मासे निवडणाऱ्या बाईच्या हातून झाली.

सणांची नावे पाहिली तरी हेच दिसते. नववर्षाचा दिवस 'नव्याचा सण' म्हणून ओळखला जाई. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून उपवास केला जाई, म्हणून तो 'दारफळणीचा सण' झाला. वल्हांडणाच्या वेळी घरात खमीर असता कामा नये, अशी आज्ञा आहे. कोकणात या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत, कारण त्या दिवसांत स्वयंपाकातील आंबट रसाचे भांडे झाकून ठेवले जाई. मिसर देशातून सुटका झाल्याची मूळ कथा बऱ्याच अंशी विसरली गेली होती; आंबवलेले वर्ज्य करण्याची कृती मात्र त्या झाकलेल्या भांड्याच्या रूपाने शिल्लक राहिली.

सभोवतालच्या संस्कृतीचा प्रभाव या समाजावर पडला नाही, असे म्हणणे चुकीचे होईल. तो सर्वत्र होता. परंतु तो तीन निरनिराळ्या प्रकारांचा होता आणि हे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे ठेवले पाहिजेत.

पहिल्या प्रकारात ज्या चालींना नियमशास्त्राची ना आज्ञा आहे ना हरकत, त्या येतात. मराठी ही घरची भाषा झाली. स्त्रिया लुगडी नेसू लागल्या, विवाहात मेंदी आली आणि मंगळसूत्रही आले. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी आणि मोशेचा मुसाजी झाला. दिवे गावचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर अशी आडनावे रूढ झाली. गोमांस नियमशास्त्राने निषिद्ध ठरविलेले नाही, तरी शेजाऱ्यांमध्ये राहून तेही बहुधा वर्ज्य केले गेले.

दुसऱ्या प्रकारात बाहेरचे रूप घेऊन त्यात स्वतःचा आशय भरलेला दिसतो. 'मलिदा' हा विधी याचे उत्तम उदाहरण होय. पोहे, खोबऱ्याचा कीस, साखर आणि फळे एका ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण केले जाते आणि मग सर्वांना प्रसादासारखे वाटले जाते. ताटाची मांडणी कोकणी आहे. तीवर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना हिब्रू आहेत आणि लेवीय पुस्तकातील अन्नार्पणाशी तिचे नाते समाजातील जाणकार सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली, तीही याच प्रकारातील. हरिदासाची पद्धत घेतली गेली आणि आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे लावले गेले.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे. यात शेजाऱ्यांची चाल नियमशास्त्राच्या विरोधात जाते. अनुवादाच्या पुस्तकात निपुत्रिक मृताच्या विधवेशी दिराने विवाह करावा किंवा विधिपूर्वक तिला मोकळे करावे, असे सांगितले आहे. कोकणात विधवेचा पुनर्विवाह कमीपणाचा मानला जाई. बेने इस्राएलांनीही तोच दृष्टिकोन स्वीकारला आणि विधवेला मोकळे करण्याचा विधी त्यांच्या स्मरणातून गेला. त्याचप्रमाणे 'गोरे' व 'काळे' असे दोन गट समाजात पडले. ज्यांची माता परसमाजातील होती असे मानले जाई, त्यांच्या संततीशी इतर लोक बेटीव्यवहार करीत नसत. जातीच्या आडोशाने नियमशास्त्र टिकले हे खरे. परंतु जातीचा भेदही त्याबरोबर घरात आला. देशीयास आणि उपऱ्यास एकच नियम असावा, ही निर्गमातील शिकवण त्या भेदाशी जुळणारी नव्हती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा समाज मुंबईत येऊ लागला आणि ग्रंथाशी त्याची पुन्हा भेट झाली. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात समाजाचे पहिले सभास्थान उभारले. कोचीनहून शिक्षक आले. मद्रासहूनही एक प्रवाह आला. कोचीनच्या यहुदी कुळात जन्मलेला व ख्रिस्ती झालेला मायकेल सार्गोन हा यहुद्यांमध्ये काम करणाऱ्या मिशनच्या मद्रास समितीच्या वतीने १८२० च्या दशकात शाळा चालवीत होता. अमेरिकन मिशनने आणि पुढे जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल मुलांना शिकविले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू या समाजाने ख्रिस्ती व्हावे असा होता. घडले ते वेगळेच. मोशेची पुस्तके मराठीत वाचावयास मिळताच आपण काय पाळतो आणि काय विसरलो, हे समाजाला समजले आणि ख्रिस्ती होण्याऐवजी तो अधिक काटेकोर यहुदी झाला. धर्मांतर करणारे फार थोडे निघाले. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला.

या निष्ठेची सर्वांत कठोर परीक्षा मात्र परक्यांच्या देशात झाली नाही. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुसंख्य लोक पुढील काही दशकांत तेथे गेले. तेथील धर्मपीठाने त्यांच्याविषयी शंका उपस्थित केली. या समाजाला घटस्फोटाचे व विधवेला मोकळे करण्याचे धर्मविधी ठाऊक नव्हते; मग त्यांच्या पूर्वजांचे विवाह शास्त्रशुद्ध कसे मानावेत, असा प्रश्न होता. विवाहापूर्वी अर्जदाराच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश १९६२ मध्ये काढण्यात आले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ग्रंथ हाती नसतानाही शनिवारचा घाणा बंद ठेवला होता, त्यांना आपण यहुदी असल्याचे सिद्ध करण्यास सांगितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाने यरुशलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असा ठराव केला आणि त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून या समाजाचे नाव वगळले.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ एका समाजापुरता नाही. धर्मपीठाच्या दृष्टीने निष्ठा म्हणजे शास्त्राने सांगितलेले सर्व विधी यथासांग पार पाडणे. बेने इस्राएलांच्या दृष्टीने निष्ठा म्हणजे हाती आलेला वारसा, तो कितीही थोडा असो, तुटू न देणे. पहिल्या मापाने मोजले तर कोकणच्या तेल्यापेक्षा मद्रासचा सुशिक्षित व्यापारी वरचढ ठरेल. परंतु मद्रासमध्ये नियम जाणत्या माणसांबरोबर आला आणि त्यांच्याबरोबरच निघून गेला. कोकणात तो घाण्यात, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी वसला होता. म्हणून जाणते नसतानाही तो राहिला.

आज परिस्थिती पालटली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, पेण आणि रेवदंडा येथील सभास्थाने उभी आहेत. बैलाचे घाणे केव्हाच थांबले आणि बहुतेक घरेही देशांतर करून गेली. गावोगावी मागे राहिलेल्या मोजक्या कुटुंबांना सार्वजनिक प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमविणे आता कठीण जाते. तीनशे वर्षांपूर्वी मद्रासच्या हिरेव्यापाऱ्यांपुढे जी अडचण उभी होती, तीच आता कोकणच्या या जुन्या गावांपुढे येऊन ठेपली आहे.